चौदा शब्द आणि उरलेली पानं

८ ऑगस्ट, गुरुवार

तालुक्याच्या दवाखान्यात आज जानसुलूताईंनी ही वही दिली. ताई मुलांना बोलायला शिकवतात, पंधरा दिवसांतून एकदा गुरुवारी येतात. वहीत जिबेकचा प्रत्येक शब्द लिहायचा, तारखेसकट. जिबेक माझी मुलगी. पाच वर्षं तीन महिने. कान उत्तम आहेत, तपासून झाले. समजतं सगळं, नको ते तर आधी समजतं. फक्त शब्द बाहेर यायला वेळ लावतात आणि एकाच्या मागोमाग दुसरा येत नाही.

वही शंभर पानी. जिबेकचे शब्द चौदा. म्हणजे जेमतेम अर्धं पान. उरलेली साडेनव्व्याण्णव पानं कोरी ठेवणं माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून आजपासून रोजनिशी.

शब्द: आई, आबा, दे, नको, दूध, पाव, बूट, घोडा, चल, गरम, अजून, बघ, अतो (आमचा कुत्रा अक्तोश), गप (कुत्र्यालाच).

मी पंधरावा लिहिला होता. 'बाबा.' बायकोने, सालकिनने, खोडला. म्हणाली, ती मेंढीच्या मागे मेंढीसारखी ओरडत होती, तुम्ही मध्ये आलात. मतभेद आहेत. वाद घातला नाही.

ताईंचा होमवर्क: रोज दहा मिनिटं चित्रांचं पुस्तक घेऊन बसा. पानं तिला उलटू द्या. ती बोट ठेवेल तिथे बघा. काही विचारू नका, 'बोल, बोल' करू नका. मनात पाचपर्यंत मोजा आणि थांबा. ती एक शब्द बोलली की तोच शब्द आणखी एक जोडून परत म्हणा. अक्षरांची घाई नको. पुस्तक हातात घेणं, पान उलटणं, चित्राला नाव असतं हे कळणं, वाचन इथूनच सुरू होतं. थंडीपर्यंत तिने दोन शब्द एकत्र जोडले तरी पुष्कळ झालं, म्हणाल्या.

दोनच? बाई भल्या आहेत पण टार्गेट फार लहान ठेवतात. शिवाय त्यांना माझा व्यवसाय माहीत नसावा. मी सूत्रसंचालक. तमादा. या खोऱ्यातलं कुठलंही लग्न, बारसं, पाळण्याचा सोहळा, माइक माझ्या हातात असतो. सलग नऊ तास बोललो आहे, पाणी न पिता. अशा माणसाच्या मुलीला बोलायला शिकवायचं तर गप्प बसून?

११ ऑगस्ट, रविवार

आज एक घोषणा केली. करायला नको होती असं सालकिनचं मत.

शेजारच्या वस्तीत जेवण होतं. तिथे यजमानाच्या चार वर्षांच्या नातवाने सात बाप म्हणून दाखवले. बाप, आजा, पणजा, असं वर वर सातव्यापर्यंत, धडाधड. टाळ्या. आमच्यात म्हणतातच, ज्याला आपले सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम. पोराला साखर मिळाली. मग पलीकडून काल्बुबू म्हातारी जिबेककडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, हे पोर मुकं आहे का गं?

जिबेकने ऐकलं. तिने पावाचा तुकडा ताटात परत ठेवला.

मी माइक उचलला आणि म्हणालो, मंडळी, बारा ऑक्टोबरला माझ्या वडिलांना ऐंशी वर्षं पूर्ण होतायत. दोनशे पानं उठतील. त्या दिवशी माझी जिबेक याच माइकवर सात बाप म्हणून दाखवेल. सगळ्यांनी यायचं.

घरी येताना गाडीत सालकिन म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काहीच म्हटलं नाही. ओमुरजाक त्यांचं नाव. चाळीस वर्षं वरच्या कुरणांवर मेंढ्या राखल्या, त्यामुळे माणसांशी बोलायची सवय राहिली नाही. त्यांच्या पोटी मी कसा आलो हे कोडं कुणालाच सुटलेलं नाही.

बासष्ट दिवस आहेत. आमची अक्षरं छत्तीस, बाप सात. सोपं आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी ७

पुठ्ठ्याची छत्तीस कार्डं केली. प्रत्येकावर एक अक्षर, लाल शाईत. रोज एक. छत्तीस दिवसांत सगळी, वर चार दिवस उजळणीला. मग वाचन, मग थेट सात बाप.

त्याच दिवशी, दुपारी

पहिलं अक्षर दाखवलं. तिने कार्ड घेतलं, नीट बघितलं आणि दारातल्या बुटात घातलं. मग दुसरं मागितलं ('अजून'). ते दुसऱ्या बुटात. घरातल्या सगळ्या बुटांत एकेक अक्षर गेलं. वर्गीकरण करण्याची वृत्ती दिसते. शास्त्रज्ञ होईल.

अकरा कार्डं अजून सापडलेली नाहीत.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तकवाचन सुरू. ताईंनी दिलेलं पुस्तक फारच किरकोळ आहे: आठ पानं, एक कोकरू, पानावर तीन शब्द. कोकरू झोपलं. कोकरू उठलं. कोकरू हरवलं. एवढ्यावर मुलाची भाषा कशी वाढणार? मी भर घातली. कोकराला आवाज दिला, त्याच्या आईला दिला, एक लांडगा घातला, लांडग्याला भूतकाळ दिला. मध्ये दोन म्हणी. चाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही दुसऱ्या पानावर होतो.

तेवढ्यात जिबेकने आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. अख्खा. घट्ट.

भारावली.

१८ ऑगस्ट, रविवार

आज ताईंच्या पद्धतीलाही एक संधी द्यावी म्हणून पाचपर्यंत मोजायचं ठरवलं. तिने कोकरावर बोट ठेवलं. मी मोजलं. एक. दोन. दोनच्या पुढे मात्र मनात विचार आला की शांतता लांबली तर पाहुणे उठून जातात. हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. सवयीने म्हणालो, कोकरू! बोल बाळा, कोकरू! को-क-रू!

तळहात.

उद्यापासून तीनपर्यंत मोजायचं. एकदम पाच हे कुणालाही जड जातं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ताईंकडे. त्यांनी वही मागितली. घरी राहिली असं सांगितलं. वही माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती, छातीला टोचत होती, पण यात आता माझं खासगी लिखाण आहे.

ताई म्हणाल्या, माझ्यासमोर पुस्तक वाचून दाखवा. दाखवलं. त्या सगळा वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला वाटलं जिबेकचे शब्द मोजतायत. शेवटी म्हणाल्या, मेदेरबेक, चार मिनिटांत तुम्ही सव्वीस वेळा 'बोल' म्हणालात. ती बोलायला तोंड उघडते आणि तिथे तुम्ही आधीच बसलेले असता.

हे वाक्य चांगलं आहे. एखाद्या साठीच्या कार्यक्रमात वापरता येईल.

जाताना म्हणाल्या, घरात आणखी कोण वाचतं तिच्याबरोबर? मी म्हटलं, कोणी नाही, सगळा भार माझ्यावरच.

२५ ऑगस्ट, रविवार

लग्न होतं, माइक माझा. मेंढीचं शिजवलेलं डोकं नेहमीप्रमाणे वडीलधाऱ्यांपुढे आलं. त्यांनी कान कापून यजमानाच्या धाकट्या पोराला दिला, लहानांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. हा रिवाज बघताना एकदम सुचलं. कान खाऊन ऐकायला येत असेल तर जीभ खाऊन बोलायला का येणार नाही? इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

जीभ मागून घेतली. रुमालात बांधून घरी आणली, गरम केली, बारीक चिरून जिबेकपुढे ठेवली. तिने एक तुकडा चावला, बाकी बशी उचलून बाहेर गेली.

अक्तोशने सगळी जीभ खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत भुंकत होता. म्हणजे उपायात दम आहे, रोगी चुकला.

जिबेक दारात उभी राहून त्याला 'गप' म्हणत होती. हुबेहूब सालकिनचा सूर. हा शब्द मात्र छान येतो.

२ सप्टेंबर, सोमवार

नवा स्पीकर आला. कमरेएवढा. समारंभाला शोभेल असा. खोका नीट घडी करून गोठ्यात ठेवला, कारण गॅरंटी खोक्यासकट असते.

पोरं शाळेत गेली आज. आमच्या दारावरून पोरी पांढऱ्या रिबिनी बांधून चालल्या होत्या. जिबेक फाटकाच्या फटीतून बघत होती. पुढच्या वर्षी तिचीही पाळी. मीही तिच्या मागे उभा राहिलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. का कोण जाणे बोललो नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज पाळण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं होतं म्हणून ताईंकडे सालकिन आणि आबा गेले. परत आल्यावर सालकिन म्हणाली, ताई आबांवर फार खूश झाल्या. म्हणाल्या, असंच चालू ठेवा, काही बदलू नका.

काय चालू ठेवा? आबा काय करतात? सकाळी भिंतीला टेकून ऊन खातात.

९ सप्टेंबर, सोमवार, दुपारी ४

शोध लावला. आबा आणि जिबेक रोज दुपारी घराच्या मागे कोकराचं पुस्तक घेऊन बसतात. आज खिडकीतून वीस मिनिटं निरीक्षण केलं.

एक: आबांनी पुस्तक उलटं धरलं होतं. चष्माही नव्हता. दोन: दोघं शेजारी नाही, समोरासमोर बसतात, त्यामुळे त्यांना काही दिसणंच शक्य नाही. तीन: आबा काहीही बोलत नाहीत. ती पान उलटते, बोट ठेवते, आबा तिच्या तोंडाकडे बघतात. मेंढी विताना बघत बसावं तसे. कितीही वेळ.

ती एकदा म्हणाली, 'घोडा.' आबा म्हणाले, काळा घोडा. झालं, पुन्हा शांतता. वीस मिनिटांत दोन शब्दांची मिळकत. हा वेळेचा अपव्यय आहे.

बाहेर जाऊन पुस्तक सुलटं करून दिलं आणि घोड्याबद्दल थोडी माहिती सांगितली. जिबेकने माझ्या तोंडावर हात ठेवला. आबांनी पुस्तक घेतलं आणि पुन्हा उलटं धरलं. ऐंशीव्या वर्षी माणसाचं असं होतं. समजून घ्यायला हवं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

स्पीकरचा खोका गायब. सालकिनला विचारलं तर म्हणाली, मला काय माहीत, आबांना विचारा. आबांना विचारलं तर त्यांनी डोंगराकडे बघितलं. गॅरंटीचं काय होणार?

आणखी एक. घरातले रंगीत खडू संपलेत. आबांच्या बोटांना निळा रंग लागला होता. म्हातारपणी चित्रकला. चालू द्या.

१५ सप्टेंबर, रविवार

अक्षरांची योजना तूर्त स्थगित. सात बापांवर थेट हल्ला. प्रत्येक नावाला दोन ओळींची बिरुदावली जोडली आहे: 'ज्याच्या कुऱ्हाडीपुढे देवदार नमले, तो बाल्ताबाय' वगैरे. एकूण चौदा ओळी, यमक जुळतं. स्वतः रचलं. वाचताना अंगावर काटा आला.

माइकची सवय व्हावी म्हणून नवा स्पीकर अंगणात लावून रिहर्सल घेतली. माइक तिच्या तोंडाशी नेला आणि स्पीकरने अशी काही किंकाळी फोडली की शेजाऱ्यांचा घोडा सुटला. जिबेक कानावर हात ठेवून खाली बसली आणि रडली. आवाज न करता रडली. पोरं रडताना तरी आवाज करतात ना?

मी जवळ गेलो तर उठून आबांच्या कोटात शिरली.

तांत्रिक दोष. वायर बदलली पाहिजे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस माझ्याजवळ येत नाही. ताटही लांब सरकवते. आज कार्यक्रमात एकाच वराचं नाव दोनदा चुकलो. असं कधी होत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

ताई: माइक नको. बिरुदावली नको. मी यमकं वाचून दाखवली. ताई म्हणाल्या, सुंदर आहेत, तुमच्या तोंडी शोभतील. मग सालकिनकडे बघून हसल्या. बायकांचं लगेच जमतं.

ताईंनी पुन्हा विचारलं, पाचपर्यंत मोजता ना? मी हो म्हटलं. हे खोटं नाही. मोजतो. फक्त मोठ्याने मोजतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बटाटे काढले. सगळं घर वावरात. सालकिनने सांगितलं की जिबेकने सरपणातल्या कुऱ्हाडीवर बोट ठेवून 'बाल्ता' म्हटलं, वहीत लिहा. आमच्यात कुऱ्हाडीला बाल्ता म्हणतात. ठीक आहे, लिहितो, पण त्यात काय विशेष? मी तिला चौथ्या पूर्वजाचं नाव शिकवतोय, बाल्ताबाय, आणि ती कुऱ्हाड शिकून बसली. अभ्यासक्रमाबाहेरचे शब्द मोजण्यात अर्थ नाही.

सालकिनने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, काही नाही, पोतं उचला.

शब्द: बाल्ता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ दिवस. माझ्या चौदा ओळींपैकी जिबेकला शून्य येतात. काल रात्री हिमाचा पहिला शिडकावा झाला, डोंगर पांढरे झाले. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, काय तमादा, पोरगी तयार आहे ना? मी म्हणतो, माइक कमी पडेल.

काल्बुबू म्हातारीलाही बोलावलं आहे. बोलावणं भाग होतं, आबांची मावसबहीण आहे. ती समोरच बसणार, कारण ऐकू कमी येतं. बोलायला मात्र काही कमी नाही.

आबांना म्हटलं, तुम्हीच सांगा, माझी नात लहान आहे, पुढच्या वर्षी म्हणेल. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. आबांनी चहाचा घोट घेतला. मी पाच मोजले. सहा. सात. मग त्यांनी दुसरा घोट घेतला आणि उठून गेले. या माणसाबरोबर माझं बालपण गेलं आहे हे कुणी विसरू नये.

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्लॅन बी. कल्पक आहे, कुणाला सांगायचा नाही. सात बाप मीच रेकॉर्ड करायचे, लहान मुलीच्या आवाजात. समारंभात जिबेक माइकसमोर उभी राहील, मी खिशातून फोन दाबेन, आवाज स्पीकरमधून येईल. मोठमोठे गायकही असंच करतात. हे फसवणं नाही, ही व्यवस्था आहे.

गोठ्यात जाऊन अठरा वेळा रेकॉर्डिंग केलं. शेजारी भिंतीवरून डोकावून म्हणाला, बकरी अडली आहे का, येऊ का मदतीला?

१२ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ६

हवा स्वच्छ. दोन घोड्यांचं मांस शिजतंय. फोन पूर्ण चार्ज. नवा सूट. जिबेकला लाल मखमली जाकीट, वेण्या. आजपासून तिला कोणी मुकी म्हणणार नाही. मी आहे ना.

१३ ऑक्टोबर, रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

लोक दोनशेच्या वर होते. मी प्रस्तावना केली. सालकिन म्हणते पंचवीस मिनिटं, मला दहा वाटली. मग जिबेकला पुढे बोलावलं. ती आली. माइकपासून हातभर लांब उभी राहिली. काल्बुबू म्हातारीने पुढे झुकून कानामागे हात धरला. मी खिशात फोन दाबला.

स्पीकरमधून माझा बारीक आवाज आला. जिबेकने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिला आवाज ओळखायला अर्धं नावही लागलं नाही. सरळ स्पीकरजवळ गेली आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. घट्ट. जसा माझ्या तोंडावर ठेवते तसा.

सगळा मांडव हसला. पहिल्यांदा एक कोपरा, मग सगळा. स्पीकर मात्र बोलतच होता, ज्याच्या कुऱ्हाडीपुढे देवदार नमले. दहा वर्षं मी या लोकांना हसवतो आहे, पण असं कधी हसले नव्हते. मी माइक उचलणार, तेवढ्यात आबा उठले, चालत आले आणि वायर उपटली.

मग ते जाजमावर बसले, जिबेक त्यांच्यासमोर. आबांनी कोटातून पुठ्ठ्याची पानं काढली, दोऱ्याने शिवलेली. मागच्या बाजूला माझ्या स्पीकरचं चित्र आणि 'वरची बाजू' असा बाण. माझा खोका. त्याचं पुस्तक केलं होतं, सात पानांचं. आबांनी ते स्वतःकडून उलटं धरलं, म्हणजे तिच्याकडून सुलटं. हे मला काल कळलं. एवढे दिवस मी खिडकीतून चुकीच्या बाजूने बघत होतो.

आणि ते थांबले. दोनशे माणसं, एक आवाज नाही. माझं मन मोजायला लागलं. एक, दोन, तीन. चारला माझं तोंड उघडलं. सालकिनने त्यात तळलेल्या पावाचा गोळा कोंबला.

पहिल्या पानावर मी. बाप म्हणजे पहिला मीच की. खडूने काढलेला मी: हातात माइक, चेहऱ्याच्या जागी एक मोठं उघडं तोंड, बाकी डोळे-नाक गाळलेलं. जिबेकने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मग चित्रातल्या तोंडावर तळहात ठेवला आणि पान उलटलं. नाव घेतलं नाही.

दुसऱ्या पानावर आबांची पांढरी उंच टोपी. तिने आबांच्या छातीवर बोट ठेवलं. 'आबा.' आबा म्हणाले, ओमुरजाक आबा.

तिसऱ्यावर कोकरू. 'कोजु.' आबा म्हणाले, कोजु बाबा. चौथ्यावर कुऱ्हाड. 'बाल्ता.' पाचव्यावर उंटाचं पिल्लू. 'बोतो.' सहाव्यावर ससाणा, निळा. 'शुम.' शुमकार आहे तो, पण कुणीही ओळखला असता. आमच्या वाडवडिलांची नावं अशीच आहेत, जनावरांची आणि हत्यारांची. मी त्यांना यमकं जोडत बसलो आणि म्हाताऱ्याने नुसती चित्रं काढली. सातव्यावर लांडगा. ती थांबली. फार थांबली. तोंड उघडून पुन्हा मिटलं. आबा हललेसुद्धा नाहीत. मग ती म्हणाली, 'बोयु.' बोरु. बोरुबाय. आमचा सातवा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायचं सुचलंच नाही. काल्बुबू म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, मला सगळं ऐकू आलं. मी रडलो. लोकांना सांगितलं कांदा. माझ्यासमोर कांदा नव्हता.

नंतर मेंढीचं डोकं आबांपुढे ठेवलं. त्यांनी सुरी घेतली. जिबेकला जिभेचा शेंडा दिला. तिने या वेळी खाल्ला. मग त्यांनी कान कापला. मांडवातली सगळी लहान पोरं हात पुढे करून बसली होती. आबांनी कान त्यांच्या डोक्यांवरून मला दिला.

वय अडतीस. नवा सूट. दोनशे माणसं.

आबा म्हणाले, घे. उशीर झालाय, पण घे. या वर्षातलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण.

खाल्ला. मीठ कमी होतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बारा तारखेपासून तीन सुपाऱ्या परत गेल्या. लोक म्हणतात तमादाने कान खाल्लाय, त्याला थोडं ऐकू द्या. जाऊ द्या. थंडीत कामं कमीच असतात.

सकाळी ताईंकडे. वही मागितली. देता येईना. घरी राहिली, म्हटलं. ताई हसल्या. म्हणाल्या, खिशातून बाहेर आलेली दिसतेय.

संध्याकाळी घरी आबांचं पुस्तक घेतलं, जिबेकच्या समोर बसलो, पुस्तक माझ्याकडून उलटं. उलटं बघितलं तर माझं तोंड आणखी मोठं दिसतं. तिने पहिल्या पानावर बोट ठेवलं. मी मोजलं, मनात. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच झाले! कधी झाले नव्हते. सहा. सात. तिचे ओठ हलले. एकमेकांना लागले, तसेच राहिले. आठला मला राहवलं नाही, म्हणालो, शाब्बास!

अजून काही झालंच नव्हतं.

तळहात आला. घट्ट. बटाट्याच्या मातीचा वास. मी त्याच्या आतून श्वास घेत राहिलो, आणि हात तोंडावर असल्यामुळे पुढे जे झालं त्यावर काही बोलता आलं नाही. अजून सुचत नाहीये. फक्त नोंद करतो, ताईंनी सांगितलं होतं तशी. उद्या वही त्यांच्याकडे पाठवायची, सगळी, वाचू देत.

शब्द: बाबा, गप.

(दोन, एकत्र जोडून. जवळपास मेंढी नव्हती. कुत्रा बाहेर होता. साक्षीदार: सालकिन.)